आकडा एकच, एकके दोन

आपल्या बेटावरची मुलेमुली शिक्षण संपले की आता दूरदूर जातात. कुणी फ्रान्सला, कुणी इंग्लंडला, तर कुणी आखातात. कतारच्या दोहा शहरात मुलगी नाहीतर जावई नोकरीला आहे, अशी मराठी घरे आता नवलाची राहिलेली नाहीत. पूर्वी पत्राला उत्तर यायला महिना लागे. आता दोह्यात दुपारी हातात पडलेला रक्ततपासणीचा कागद संध्याकाळच्या चहाआधी इथे आईच्या फोनवर येतो. ही सोय मोठी आहे. पण कागद जितक्या लवकर येतो तितक्या लवकर त्याचा अर्थ येत नाही. या आठवड्यात आम्ही लिहीत आहोत ते याच कारणाने.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात घडलेली गोष्ट त्यांच्या संमतीने, नावगाव न देता सांगतो. मुलगी आणि जावई दोघेही दोह्यात कामाला. मुलीला तीन वर्षांपासून थायरॉईडची गोळी चालू होती आणि ती बरी होती. इकडे आईलाही तोच विकार. आई मागच्या वर्षी देवदर्शनासाठी भारतात गेल्या असता त्यांनी मुंबईत रक्त तपासून घेतले. त्यांच्या कागदावर ‘फ्री टी-४’ समोर १.२ असा आकडा होता आणि डॉक्टरांनी सर्व ठीक असल्याचे सांगितले होते. पुढे काही महिन्यांनी मुलीने दोह्याहून आपला कागद पाठविला. त्यावर त्याच ‘फ्री टी-४’ समोर आकडा होता १५.४.

आईच्या पोटात धस्स झाले. आपले सव्वाच्या आसपास आणि पोरीचे पंधराच्या वर, म्हणजे बारा पटींहून अधिक! शेजारच्या मावशींना कागद दाखविला. त्याही घाबरल्या. “गो, एवढे वाढलेय, आता गोळी कशाला घेतेस? सोड ती,” असे फोनवर ठरले. मुलीने गोळी सोडली. पहिले आठ-दहा दिवस तिला काहीच त्रास झाला नाही, म्हणून सल्ला बरोबर होता असेच सर्वांना वाटले. पाच आठवड्यांनी ती दोह्यातल्या आरोग्य केंद्रात गेली ती वेगळ्याच, आनंदाच्या कारणाने. तिला दिवस गेले होते. तिथे रक्त तपासले तेव्हा टीएसएच १८ वर गेलेले आणि टी-४ खाली आलेले आढळले.

वाचकहो, आधीच्या कागदात मुळी वावगे काहीच नव्हते. मुंबईचा १.२ आणि दोह्याचा १५.४ हे दोन आकडे एकच आहेत. मुंबईच्या कागदावर माप होते नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे वजनाचे. दोह्याच्या कागदावर माप होते पिकोमोल प्रति लिटर, म्हणजे कणांच्या संख्येचे. पहिल्या आकड्याला १२.८७ ने गुणले की दुसरा मिळतो. १.२ गुणिले १२.८७, उत्तर सुमारे १५.४. एकाने कापड वारात मोजावे आणि दुसऱ्याने सेंटिमीटरमध्ये, आणि आकडे वेगळे आले म्हणून कापड वाढले असे समजावे, तसा हा प्रकार झाला. चूक आईच्या मायेची नव्हती. आकड्याशेजारी बारीक अक्षरांत छापलेले एकक कुणी पाहिले नाही, एवढीच ती चूक होती.

म्हणून थायरॉईडचा कागद हाती आला की पहिली नजर आकड्यावर नव्हे, तर त्याच्या उजवीकडे टाकावी. तिथे दोन गोष्टी असतात. एक म्हणजे एकक, आणि दुसरी म्हणजे त्या प्रयोगशाळेने आपल्या पद्धतीसाठी ठरविलेली सामान्य मर्यादा. एका प्रचलित पद्धतीत फ्री टी-४ ची मर्यादा ०.९३ ते १.७ नॅनोग्रॅम अशी छापलेली असते. तीच मर्यादा पिकोमोलमध्ये १२ ते २२ होते. आई आणि मुलगी दोघीही आपापल्या मर्यादेत, आणि जवळजवळ एकाच जागी उभ्या होत्या. फ्री टी-३ चेही तसेच. पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आकड्याला १.५४ ने गुणले की पिकोमोल प्रति लिटर मिळते. टीएसएचच्या बाबतीत मात्र सुदैव असे की त्याची दोन्ही प्रचलित एकके, मिली-युनिट प्रति लिटर आणि मायक्रो-युनिट प्रति मिलिलिटर, दिसायला वेगळी असली तरी आकडा तोच राहतो. तरीही दोन प्रयोगशाळांची यंत्रे आणि रसायने वेगळी असतात. म्हणून शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि आपला आकडा शेजारणीच्या आकड्याशी नव्हे, तर आपल्याच मागच्या आकड्याशी ताडून पाहावा.

आता हे आकडे सांगतात काय, ते पाहू. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. ती टी-४ आणि थोडे टी-३ अशी दोन संप्रेरके तयार करते. शरीराची ऊब, हृदयाची गती, पचन, मनाची उभारी, पाळी, लहान मुलांच्या मेंदूची वाढ, या सर्वांवर त्यांचा अंमल चालतो. रक्तातले बहुतेक टी-४ प्रथिनांना चिकटून फिरते. मोकळा असतो तो अगदी लहानसा भाग, आणि काम तोच करतो. ‘फ्री’ म्हणजे हाच मोकळा भाग.

या ग्रंथीवर हुकूम चालतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा. तिचा हुकूम म्हणजे टीएसएच. दोह्यात राहणाऱ्यांना हे सहज कळेल, कारण तिथे उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रावाचून घरात बसता येत नाही. खोली तापली की यंत्राचा नियंत्रक जोर वाढवायला सांगतो आणि खोली गार झाली की जोर कमी करायला सांगतो. पिट्युटरी तसेच करते. रक्तात टी-४ कमी पडले की ती टीएसएच वाढविते, आणि जास्त झाले की टीएसएच आवरते. म्हणून टीएसएच जास्त म्हणजे थायरॉईड जास्त, हा आपल्याकडचा सर्रास समज उलटा आहे. टीएसएच वाढले याचा अर्थ बहुधा ग्रंथी मंद झाली आहे आणि तिला वरून हाका मारल्या जात आहेत. या हाका फार तीव्र असतात. टी-४ थोडेसे घटले तरी टीएसएच कितीतरी पटीने चढते. म्हणून डॉक्टर आधी टीएसएच पाहतात.

दोन्ही आकडे एकत्र वाचले की चार मुख्य चित्रे दिसतात. टीएसएच वाढलेले आणि फ्री टी-४ घटलेले असेल तर ग्रंथी खरोखरच मंद आहे आणि गोळी लागतेच. टीएसएच घटलेले आणि टी-४ किंवा टी-३ वाढलेले असेल तर ग्रंथी अति काम करीत आहे, किंवा गोळीचे प्रमाण जास्त होत आहे. छातीत धडधड, हातांना कंप, खाऊनही वजन उतरणे ही त्याची लक्षणे. टीएसएच थोडे वाढलेले पण फ्री टी-४ मर्यादेत, हे तिसरे चित्र अनेकांच्या कागदावर दिसते आणि त्यानेच सर्वांत अधिक घबराट होते. अशा वेळी घाई नसते. दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात आणि पुष्कळांचे टीएसएच तोवर आपोआप खाली आलेले असते. गरज वाटली तर डॉक्टर टीपीओ प्रतिपिंडांची तपासणी सांगतात. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच ग्रंथीवर उलटली आहे का, ते तिच्यावरून कळते. या विकाराचे पहिले वर्णन हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली केले. चौथे चित्र म्हणजे टीएसएचही कमी आणि टी-४ही कमी. हे क्वचित दिसते. पिट्युटरीचा दोष किंवा दुसरा मोठा आजार त्यामागे असू शकतो. त्याचा अर्थ घरी लावू नये.

वृद्धांबद्दल दोन शब्द. वयाबरोबर टीएसएच थोडे वर सरकते. पासष्टी ओलांडलेल्या ७३७ जणांवर युरोपात झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. टीएसएच किंचित वाढलेले पण टी-४ नीट असलेल्या या मंडळींना गोळी देऊन थकवा वा इतर लक्षणांत फरक पडला नाही, असे त्यात आढळले. आजोबांचा टीएसएच ५.५ आला म्हणून सारे घर चिंतेत बसण्याचे कारण नाही. डॉक्टरांना विचारावे आणि ते सांगतील तेव्हा पुन्हा तपासावे.

पण गरोदरपणाची गोष्ट वेगळी आहे, आणि आमच्या कथेतल्या मुलीला धोका होता तो इथेच. पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी पहिल्या तीन महिन्यांत काम करण्याजोगी नसते. त्या काळात बाळाच्या मेंदूच्या जडणघडणीला लागणारे टी-४ आईच्याच रक्तातून येते. म्हणून ज्यांना आधीपासून गोळी चालू आहे त्यांची गरज दिवस गेल्यापासून वाढते, कमी होत नाही. अशा वेळी गोळी बंद असणे म्हणजे गर्भपाताचा, अकाली प्रसूतीचा आणि बाळाच्या वाढीत उणीव राहण्याचा धोका ओढवून घेणे. गोळी घेणाऱ्या प्रत्येक मुलीने आणि सुनेने दिवस गेल्याचे कळताच, पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावे आणि प्रमाण तपासून घ्यावे. पुढे निम्मे दिवस भरेपर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहतात. गरोदरपणात मर्यादाही बदलतात. पहिल्या तिमाहीत टीएसएच स्वाभाविकपणे थोडे उतरते, म्हणून एरवीची मर्यादा लावून कागद वाचू नये.

गोळी सोडल्यावर त्या मुलीला आठ-दहा दिवस काही जाणवले नाही, त्याचेही कारण सांगतो. टी-४ रक्तातून हळूहळू जाते. त्याचे प्रमाण निम्मे व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे चुकीचा सल्लाही काही दिवस बरोबर वाटतो. गोळीचे प्रमाण बदलल्यावर डॉक्टर लगेच न तपासता सहा ते आठ आठवड्यांनी बोलावतात, तेही याचसाठी. नवी स्थिती स्थिर होण्यापूर्वी रक्त काढले तर जुन्या-नव्याची सरमिसळ हाती येते.

दोह्यात राहणाऱ्यांसाठी आणखी तीन गोष्टी सांगणे जरूर आहे. पहिली केसांची. तिथे नळाला येणारे पाणी समुद्राचे पाणी गोडे करून आणलेले असते. केस गळू लागले की नवागत सारा दोष त्या पाण्याला देतात आणि बायोटिनच्या गोळ्या सुरू करतात. शरीराला रोज बायोटिन लागते ते सुमारे ३० मायक्रोग्रॅम. केसांच्या या गोळ्यांत ते पाच-दहा हजार मायक्रोग्रॅम असते. रक्ततपासणीच्या काही पद्धतींत बायोटिनचाच उपयोग केलेला असतो. रक्तात ते जास्त झाले की तपासणी फसते. टीएसएच खोटेच कमी दिसते आणि टी-४ खोटेच जास्त. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. आता गंमत पाहा. केस गळणे हे मंद थायरॉईडचेही लक्षण आहे. मंद थायरॉईडमुळे केस गळावेत, त्यासाठी बायोटिन घ्यावे, आणि त्या बायोटिनने तपासणीत मूळ रोगच झाकावा, असे चक्र होऊ शकते. म्हणून रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस बायोटिन थांबवावे, मात्रा फार मोठी असेल तर किती दिवस ते विचारून घ्यावे, आणि आपण काय काय घेतो ते डॉक्टरांना न लपवता सांगावे.

दुसरी गोष्ट उन्हाची. थायरॉईडची गोळी उष्णतेने बिघडते. पाकिटावर बहुधा २५ अंशांखाली ठेवण्याची सूचना असते. कतारच्या उन्हाळ्यात बाहेरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि बंद गाडीत त्याहूनही वर. पाकीट गाडीत विसरले, तर गोळी दिसायला तशीच राहते पण तिचे बळ कमी होऊ शकते. पुढच्या कागदावर टीएसएच चढलेले दिसते आणि मग “गोळी लागू पडत नाही” असे बोल लागतात.

तिसरी गोष्ट वेळेची. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असते, दुपारनंतर उतरते. हॉटेलात, विमानतळावर, रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्यांनी हे डॉक्टरांना सांगावे आणि दर वेळी शक्यतो एकाच सुमारास रक्त द्यावे. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी, कारण गोळीनंतर काही तास टी-४ चढलेले असते. एरवी ती सकाळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-कॉफी निदान अर्ध्या तासाने घ्यावी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास दूर ठेवाव्यात. आपल्याकडे एकादशीला, श्रावणी सोमवारी उपवास म्हणून गोळी टाळणारी मंडळी आहेत. औषधाने उपवास मोडत नाही, अशी आमची श्रद्धा आहे. रमजानमध्ये दिवसभर पाणीही न घेणाऱ्यांसाठी डॉक्टर हीच गोळी रात्री झोपताना किंवा पहाटेच्या जेवणाआधी बसवून देतात. वेळ बदलता येते, पण ती डॉक्टरांना विचारून बदलावी.

आयोडीनबद्दलही एक गैरसमज आहे. थायरॉईड म्हटले की काही जण समुद्री शेवाळाच्या गोळ्या आणतात. आयोडीन कमी पडले की गलगंड होतो हे खरे. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन ते दाखवून दिले, आणि १९६२ साली भारत सरकारने गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला. पण जिथे मिठात आयोडीन आहे तिथे मोठ्यांच्या मंद थायरॉईडचे मुख्य कारण हाशिमोतोंनी वर्णिलेला विकार हेच असते. त्यात जास्तीच्या आयोडीनने अपायच होऊ शकतो.

हे सारे मोजणे पूर्वी शक्यच नव्हते. टी-४ शुद्ध स्वरूपात प्रथम हाती आले ते १९१४ च्या नाताळात, अमेरिकेत केंडॉल यांच्या. पण रक्तातले त्याचे सूक्ष्म प्रमाण मोजता येईना. डॉक्टर रुग्णाची त्वचा, आवाज आणि नाडी पाहून अंदाज बांधत. बर्सन आणि यालो या जोडीने किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने संप्रेरके मोजण्याची रीत १९५० च्या दशकाअखेर शोधली आणि रोझलिन यालो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून थायरॉईडच्या रुग्णांसाठी काम करीत आले आहे. शास्त्राने एवढे कष्ट करून हा आकडा आपल्या हाती दिला. तो अर्धा वाचून फुकट घालवू नये.

आता त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळी पुन्हा सुरू केली, प्रमाण वाढविले आणि दर चार आठवड्यांनी रक्त पाहिले. दिवस पूर्ण भरून बाळ झाले. त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी झाली. कतारमध्ये हमद मेडिकल कॉर्पोरेशनने जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या सहकार्याने नवजात बालकांची ही तपासणी डिसेंबर २००३ पासून विस्तृत प्रमाणावर सुरू केली, आणि त्यात जन्मजात मंद थायरॉईडही पाहिले जाते. साधारण दोन ते चार हजार बालकांत एकाला हा दोष असतो. जन्मतः बाळ बहुधा ठणठणीत दिसते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर त्याची बुद्धी वाचते, आणि उशीर झाला तर झालेली हानी भरून येत नाही. आमच्या या बाळाचा कागद निर्दोष आला. आपले नातवंड दोह्यात होवो, पॅरिसला होवो की आपल्या बेटावर, टाचेच्या रक्ताची तपासणी झाली का आणि तिचा निकाल काय, हे आजीने जरूर विचारावे. फोनवर द्यायचा खरा उपयोगी सल्ला तो हा.

त्या आई आम्हांला म्हणाल्या, “मी तिच्या भल्यासाठीच सांगितले होते.” यात आम्हांला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच आमची सर्वांना विनंती आहे. घरोघरी एक साधी वही करावी. तीत तारीख, प्रयोगशाळा, आकडा, एकक, छापील मर्यादा आणि त्या वेळचे गोळीचे प्रमाण अशा सहा गोष्टी प्रत्येक तपासणीनंतर लिहाव्यात. डॉक्टरांनीही कागद हाती देताना दोन मिनिटे काढून “हा आकडा कशात मोजला आहे” एवढे सांगावे. प्रयोगशाळांनी एकक ठळक छापावे. आपल्या बैठकांतून सणासुदीला इतकी माणसे जमतात. एखाद्या रविवारी जाणत्या डॉक्टरांना बोलावून कागद वाचायला शिकण्याचा कार्यक्रम तिथे ठेवणे मुळीच अवघड नाही.

आणि परदेशातल्या लेकीचा कागद फोनवर आला, तर काळजी जरूर करावी, आकडा लिहून ठेवावा, एकक पाहावे आणि तिला एवढेच म्हणावे, “बाळा, तुझ्या डॉक्टरांना विचार. तोवर गोळी सोडू नकोस.”